नेलेला ड्रम परत आणून द्यावा

आमच्याकडं विषाला औषध म्हणतात. द्राक्षावर मारायचं ते औषध, कांद्यावर मारायचं तेही औषध. लग्न होऊन मी या मळ्यात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासरे ओट्यावरून ओरडले, "सूनबाई, औषध आणा!" मी धावत जाऊन डोकेदुखीची गोळी आणि पेला नेऊन दिला. सासरे फवारणीचा पंप पाठीला लावून उभे. त्यांनी गोळी घेतली, पाणी प्यायले, आणि "लय हुशार सून मिळाली," म्हणत स्वतःच औषध आणायला गेले.

ते औषध राहायचं मोटरीच्या खोलीत, आणि मोटरीची खोली विहिरीला चिकटून. आता ही विहीर म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं येड्याचा बाजार वाटेल. कागदावर ती सगळ्या भावांची आहे, पण खरी ती माझ्या थोरल्या जाऊबाईंची. मी त्यांना आक्का म्हणते. थोरले दीर आणि आक्का, दोघांनी मिळून ती खणली. दीर खाली सुरुंगानं फुटलेला दगड भरायचे आणि आक्का वर ओढायची. दीर जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा नाही, मुलगी नाही. आक्काला कुणी "तुमचं काय आहे इथं?" असं विचारलं की ती विहिरीकडं बोट दाखवते. वस्तीवरच्या बाकीच्यांच्या बोअरला खारट पाणी. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि चहाला चव नाही. म्हणून सगळी वस्ती पिण्यापुरतं पाणी आक्काच्या विहिरीवरून नेते, आणि आक्का रोज सकाळी मोटर चालू करून तिथं उभी राहून कोण किती सांडतंय त्यावरून सगळ्यांचा उद्धार करते. तिच्या दिवसातला सगळ्यात आनंदाचा तास तोच.

तर त्या मोटरीच्या खोलीत एक निळा ड्रम होता. अर्धा भरलेला. आतल्या औषधावर कधीकाळी बंदी आली. परदेशी जाणाऱ्या द्राक्षात त्याचा अंश सापडला तर सगळा माल परत, म्हणून ते मारायचं बंद झालं. बंद झालं तरी ड्रम राहिलाच. आमचे हे म्हणाले, "राहू दे. कधी लागलं तर?" आमच्या घरात या चार-पाच शब्दांवर फाटक्या ताडपत्र्या, मोडका ब्लोअर आणि एक दार नसलेला फ्रिज इतकी वर्षं जगलीत.

मागच्या उन्हाळ्यात आक्का मोटर चालू करायला गेली आणि तशीच उलट्या पावली माझ्या दारात आली. "अगं, ड्रम बुडाशी फुगलाय. पाझरतोय. भोवती मुंग्या मरून पडल्यात." मग ओट्यावर बसली आणि म्हणाली, "हे विहिरीत उतरलं तर वस्ती काय पिणार? मी काय दाखवू लोकांना, बोट?"

तिचा आवाज मी कधी असा ऐकला नव्हता. मी ह्यांना म्हटलं, आजच्या आज तो ड्रम घालवा, नाहीतर स्वयंपाक बंद.

हे आधी दुकानदाराकडं गेले. दुकानदार म्हणाला, "मुदत संपलेलं औषध आम्ही ओळखत नाय." जणू काही त्याच्या बहिणीनं पळून जाऊन लग्न केलं होतं. मग ग्रामपंचायतीत गेले. तिथं नुकत्याच दोन कुंड्या आल्या होत्या, हिरवी आणि निळी. ग्रामसेवक भला माणूस, त्यांनी फार मनापासून विचारलं, "तुमचा कचरा ओला आहे की सुका?" हे म्हणाले, "आतून ओला, बाहेरून सुका." ग्रामसेवकांनी बराच वेळ कपाळ चोळलं. शेवटी म्हणाले, ओल्या भागाचं खत करता आलं तर बघा.

खत! मी चुलीपुढं बसून एकटीच हसले आणि मग रडूही आलं.

घंटागाडीवाल्यानं ड्रम बघितला, टोपी काढली, कानाला हात लावला आणि गाडीवरचं गाणं मोठं करून निघून गेला. एकलहऱ्याला वीज केंद्रात माझा भाऊ नोकरीला आहे. त्याला फोन केला. तो म्हणाला, "ताई, मी मशीनवरचा माणूस, मला औषधातलं काय कळतंय? पण काही सोय झाली तर मला कळव, माझ्याकडं जुन्या ट्यूबलाइटी पडल्यात." चुलत सासरे म्हणाले, नदीत सोडा, गंगामाई सगळं पोटात घेते. आक्का त्यांच्यावर अशी कडाडली की ते चहा अर्धा टाकून उठले. "गंगेच्या पोटात कशाला? तुमच्याच घाला की!"

एवढ्यात कुणाच्या तरी ओळखीनं वरून एक साहेब आले. त्यांनी नाकाला रुमाल लावला, ड्रमशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला आणि सांगितलं की हा ड्रम इथं ठेवणं धोक्याचं आहे. आक्काला बरं वाटलं. मग साहेब म्हणाले की हा हलवणं त्याहून धोक्याचं आहे. "मग करायचं काय?" आक्कानं विचारलं. साहेब म्हणाले, "काळजी घ्यायची." आणि गाडीत बसले.

शेवटी प्रकरण ग्रामसभेत गेलं. गाव आमचं बोलायला एक नंबर. सगळ्यांचं एकमत झालं की ड्रम पुरला पाहिजे, खोल पुरला पाहिजे, आणि लवकर पुरला पाहिजे. कुठं, एवढंच राहिलं. गायरानात म्हटलं तर शेळ्यावाले उठले. शाळेमागं म्हटलं तर बाया उठल्या. देवळामागं म्हणायची कुणाची छाती झाली नाही. मग एकानं स्मशानाचं नाव काढलं आणि सभा शांत झाली, कारण सगळ्यांना वाटलं की सुटला प्रश्न. मेलेल्यांची हरकत असायचं कारण नव्हतं. पण त्यांचे वारस होते ना! "आमच्या बापानं जन्मभर हे औषध छातीत ओढलं," एक जण तावातावानं म्हणाला, "आता मेल्यावर पण त्याच्याच शेजारी झोपायचं का?"  चहा झाला आणि सभा संपली.

आक्का घरी आली ती सरळ बाजारातून मोठं पितळी कुलूप आणायला सांगत. तिचं म्हणणं एवढंच, की जोवर ड्रमचं काही ठरत नाही तोवर पोरंटोरं, शेळ्या, कुणी आत जायला नको. ड्रमखाली तिनं जाड घमेलं सरकवलं, खोलीला कुलूप ठोकलं आणि किल्ली चौकटीवर ठेवली. चौकटीवर किल्ली असते हे आमच्या अख्ख्या वस्तीला ठाऊक आहे. सगळ्यांच्याच किल्ल्या चौकटीवर असतात. कुलूप हे परक्यांसाठी असतं.

आता बघा मज्जा. इतकी वर्षं ती खोली सताड उघडी होती, तेव्हा त्या ड्रमकडं कुत्रं फिरकलं नाही. कुलूप लागलं आणि आठवडा व्हायच्या आत ड्रम चोरीला गेला. मोटर जागेवर, तांब्याची केबल जागेवर, नवा स्टार्टर जागेवर. घमेलंसुद्धा तिथंच. चोरानं निघताना कुलूप परत लावून किल्ली चौकटीवर ठेवली होती.

"गेली पीडा!" आक्का म्हणाली आणि तिनं चक्क शिरा केला. मी तर म्हणते गावाच्या इतिहासात चोरी झाली म्हणून शिरा वाटणारी ती पहिलीच बाई. सगळ्यांनी शिरा खाल्ला, विहिरीचं पाणी प्यायलं, हे म्हणाले, चोर देवमाणूस असणार.

पण आक्काचा घास दुसऱ्या दिवशीच अडला. ताटावरून उठली. म्हणाली, "अगं, कुणी पाणी भरून ठेवलं त्यात तर? कुणाच्या घरात लहान लेकरू असलं तर?" ती हे बोलली आणि माझ्याही हातातली भाकर तशीच राहिली. विहीर वाचली म्हणून आम्ही शिरा खाल्ला होता. कुणाच्या जिवावर, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मग आमच्या ह्यांना मारुतीच्या देवळात पाठवलं. देवळावरच्या भोंग्यावरून हरवलेली म्हैस, रेशनचं धान्य आणि वारलेली माणसं, सगळं एकाच आवाजात सांगतात. ह्यांनी सांगितलं: "ज्या कोणी आमच्या विहिरीवरून निळा ड्रम नेला असंल, त्यानं तो परत आणून द्यावा. आतलं औषध लय विषारी हाय. कुणी वापरू नये. आणून देणाऱ्याचं नाव विचारलं जाणार नाय." हेच वस्तीच्या, गावाच्या, भजनी मंडळाच्या अशा सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. पोरांनी ते कुठंकुठं पुढं धाडलं देव जाणे.

सकाळी मी दार उघडलं आणि तोंडात मारल्यासारखी उभी राहिले. आमच्या रस्त्याकडच्या बांधावर ड्रम. कॅन. बाटल्या. पांढऱ्या, हिरव्या, लाल झाकणाच्या. अर्ध्या भरलेल्या, पाव भरलेल्या, तळाला चिकटलेल्या. कुणी सुतळीनं बांधून आणल्या होत्या, कुणी पोत्यात. नाव विचारणार नाही म्हटल्यावर गावानं आपापल्या गोठ्यातलं, माळ्यावरचं, मोरीखालचं सगळं विष आमच्या दारात आणून ओतलं होतं. फक्त आमचा निळा ड्रम त्यात नव्हता.

मी कमरेला पदर खोचला आणि जो दिसेल त्याला झापायला सुरुवात केली. पण लोक इतके गोड बोलत होते! "तुम्ही गोळा करताय असं ऐकलं, वहिनी. लय पुण्याचं काम." एक जण लासलगावला कांदा घेऊन चालला होता, तो ट्रॅक्टर थांबवून उतरला, दोन कॅन बांधावर ठेवले, हात जोडले आणि गेला. दुपारी एकलहऱ्याहून माझा सख्खा भाऊ स्कूटरवर ट्यूबलाइटी आडव्या बांधून हजर. "सोय झाली म्हणे!" घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या आल्या, एक फुटका टीव्ही आला. एका म्हातारीनं जावयानं दिलेला मोबाइल आणून ठेवला. तो बिघडला नव्हता. तिला नुसता नको होता.

आक्कानं मात्र कुणाला शिव्या दिल्या नाहीत. काठी घेऊन बांधावर उभी राहिली. "इथं नाय ठेवायचं. हा सगळा उतार विहिरीकडं येतो. उचला. खाली न्या, पार खाली, रस्त्यापलीकडं." एकेकाला परत उचलायला लावलं. उताराच्या खालच्या अंगाला, विहिरीपासून लांब, पडीक फरशीवर तिनं सगळं रचून घेतलं, द्राक्षबागेत जमीन झाकायला वापरतात तो मल्चिंगचा प्लास्टिक कागद त्यावर अंथरला, भोवती काटे लावले. पाऊस कुठून येईल, पाणी कुठं वाहील, सगळं तिला तोंडपाठ. त्या दिवसांत ती निम्मी झाली, पण एक बाटली तिनं विहिरीच्या अंगाला राहू दिली नाही.

आणि गाव? गाव आरशासारखं लख्ख! गोठ्यांतून वास गेला, गटारीतल्या बाटल्या गेल्या. ही बातमी वर पोचली आणि पुन्हा तेच साहेब आले, यावेळी हार घेऊन. स्वच्छ गाव म्हणून आमच्या गावाचं नाव पुढं पाठवणार होते. विहिरीच्या काठावर मांडव घातला, आक्काला शाल दिली, नारळ दिला. साहेबांनी भाषण केलं की धोकादायक कचऱ्याचं व्यवस्थापन कसं करावं हे या माउलीकडून शिकावं. आक्का हळूच म्हणाली, "पण तो ढीग कधी नेणार?" साहेब म्हणाले, "आधी सत्कार होऊ दे." मग त्यांनी विहिरीचं गार पाणी मागितलं. एक पेला प्यायले, दुसरा मागितला, आणि शहरात असं पाणी मिळत नाही म्हणून ड्रायव्हरकडून बाटल्या भरून घेतल्या.

त्यानंतर दोन-चार दिवसांनी, भर उन्हात, वरच्या मळ्यातले भाऊ आले. वरचा मळा म्हणजे आमच्या विहिरीच्या वरच्या अंगाला, मध्ये फक्त मुरमाचा एक उघडा पट्टा. आक्का त्यांना मानलेला भाऊ म्हणून दर भाऊबीजेला ओवाळते. सत्तरी ओलांडलेला, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस. त्यांच्या डोक्यावर निळा ड्रम होता.

त्यांनी ड्रम ओट्यावर उतरवला. मी बघतच राहिले. इतका स्वच्छ, की तो आमचाच आहे हे ओळखायला मला बुडाचा फुगवटा बघावा लागला.

"बाई, मला माफ करा," भाऊ आक्काला म्हणाले. "नातीची हळद हाय. पाव्हण्यांसाठी पाण्याला ड्रम कमी पडत होते. सभेला मी नव्हतो, ड्रमात एवढं काय हाय ते ठाऊक नव्हतं. किल्ली चौकटीवर होतीच. म्हटलं, घेऊ, मागून सांगू. मग भोंग्यावर ऐकलं आन् लाज वाटली. लोक काय म्हणतील, भावानं बहिणीचा ड्रम नेला. पण मळका ड्रम कसा परत करायचा? राखेनं घासला, चिंचेनं घासला, मग साबणानं. लय वेळा धुतला."

आणि त्यांनी झाकण उघडलं. आत, तळाशी, फडक्यात बांधलेले गहू होते आणि वर गुळाची ढेप. आपल्याकडं कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. वाटी आणली तरी चिमूटभर साखर घालून द्यायची. भाऊंनी विषाचा ड्रम परत करतानाही रीत सोडली नव्हती. मला हसू फुटलं. इतके दिवसांचा ताण निघाला आणि मी खो खो हसत सुटले. भाऊपण हसायला लागले. कुणाला काही झालं नव्हतं, कुणी त्यातलं पाणी प्यायलं नव्हतं.

आक्का हसली नाही. तिनं विचारलं, "आतलं कुठं ओतलं, भाऊ?"

"त्याची नका काळजी करू," भाऊ म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरोखर समाधान होतं. "ओढ्यात नाय टाकलं. तेवढं मला कळतं. जनावरं पितात. बांधावर पण नाय. वर मुरमाच्या पट्ट्यात चांगला खोल खड्डा केला. तिथं कुणाचं पीक नाय, कुणाचं जनावर नाय. त्यात ओतलं, वरून पाणी सोडलं, धुतलेलं पाणी पण त्यातच. मुरूम बघा, सगळं पिऊन टाकतो. एक थेंब वर राहिला नाय, बाई."

 आक्का त्या मुरमाकडं बघत राहिली. दीर विहीर खणत होते तेव्हा पहिला झरा त्याच अंगानं फुटला होता, हे तिनंच मला कितीदा सांगितलंय. मला म्हणायचं होतं की, आक्का, जाऊ दे, एवढं काही होत नाही, जमीन गाळून घेते.  पण त्या ड्रमभोवती मेलेल्या मुंग्या मीही बघितल्या होत्या. आणि आम्ही ते पाणी रोज पीत होतो. साहेब तर बाटल्या भरून घेऊन गेले होते.

भाऊ ओट्याच्या सावलीला टेकले. टोपी काढून घाम पुसला. "ऊन लय झालंय," ते म्हणाले. "बाई, तांब्याभर पाणी द्या. तुमच्या विहिरीचं."

आक्का आत गेली. माठावरचं झाकण काढल्याचा आवाज आला.  मी आत डोकावले तर ती भरलेला तांब्या हातात धरून माठापुढं उभी होती. तिनं तो तांब्या मोरीत ओतला, पालथा घातला आणि बाहेर आली.

"पाणी नाही, भाऊ," ती म्हणाली.

भाऊंना वाटलं, ड्रम नेल्याचा राग आहे. ते खाली मान घालून उठले, टोपी घातली आणि तहानलेलेच उन्हात निघाले. आक्कानं त्यांना थांबवलं नाही. ती सरळ मोटरीच्या खोलीत गेली, स्टार्टरचा फ्यूज काढला आणि पदराच्या गाठीला बांधला.